राक्षस ओळखायचा कसा?

गेल्या उन्हाळ्यात भाचा सुट्टीला आमच्याकडे आला आणि त्याच्या मागोमाग त्याचे मित्रमैत्रिणीही यायला लागले. पुढच्या खोलीत चौघांची बैठक जमली की हळूहळू आवाज चढायचे. मला वाटलं क्रिकेट असेल, फार तर राजकारण. कान देऊन ऐकलं तर भांडण एका जपानी कार्टूनवरून! त्यांच्यातली एक मुलगी चित्रकला शिकते. ती दोन जाडजूड पुस्तकं मांडीवर घेऊन हमरीतुमरीवर आली होती. भाचा म्हणत होता, "जुनं सोनं वितळवून नवा दागिना करतातच की!" आणि ती म्हणत होती, "करा, पण घट किती झाली तेही बघा."

शेवटी भाच्यानं मला ओढलं. "मामू, तुम्हीच बघा आणि सांगा." कवी माणसाला निवाडा करायला बसवणं म्हणजे न्यायालयाची थट्टाच. पण मी बघितलं. दहा भाग, तीन रात्री. मग त्या मुलीकडून पुस्तकंही मागून घेतली. पुस्तक हातात घेतलं आणि ते मला भलतंच ओळखीचं वाटलं. जपानी चित्रकथा उजवीकडून उघडते आणि उजवीकडून डावीकडे वाचायची असते. इंग्रजी भाषांतरातही पानांचा क्रम तसाच ठेवला आहे. उर्दूचं पहिलं पुस्तक मी तसंच उघडलं होतं. भाचा ज्या पानांवर अडखळला होता, तिथे मामू सहज चालले. आमच्या घरात असं क्वचितच घडतं.

तर, ते कार्टून कोणतं? जपानी चित्रकथेला 'मंगा' म्हणतात आणि तिच्या पडद्यावरच्या चलत्‌चित्र रूपाला 'ॲनिमे'. गो नागाई हे मंगाच्या दुनियेतलं मोठं नाव. त्यांचा जन्म १९४५ चा. १९६८ मध्ये एका वात्रट शाळेवरची त्यांची चित्रमालिका सुरू झाली, तेव्हा जपानमधल्या पालकसंघटना त्यांच्यावर तुटून पडल्या होत्या. म्हणजे गडी पहिल्यापासून घरंदाज वगैरे नव्हता. १९७२ च्या जूनमध्ये 'शोनेन मॅगझिन' या मुलांच्या साप्ताहिकात त्यांनी 'डेव्हिलमन' सुरू केली आणि वर्षभरात संपवली. मूळची पाचच पुस्तकं. पण त्या पाच पुस्तकांची सावली पुढच्या पन्नास वर्षांच्या जपानी चित्रकथांवर पडलेली आहे.

गोष्ट अशी आहे. आकिरा फुदो हा शाळकरी मुलगा, भिडस्त आणि हळवा. आईवडील लांब असल्यामुळे तो मिकी नावाच्या मैत्रिणीच्या कुटुंबात राहतो. एके दिवशी त्याचा बालमित्र र्‍यो आसुका येतो आणि सांगतो की, माणसाच्या आधी या पृथ्वीवर राक्षसांचं राज्य होतं. ते आता जागे झाले आहेत आणि माणसांच्या शरीरात शिरत आहेत. त्यांच्याशी लढायचं तर राक्षसाची ताकद हवी. मग एकच उपाय उरतो. राक्षसाला आपल्या अंगात शिरू द्यायचं आणि आपलं मन मात्र माणसाचंच ठेवायचं. मन निर्मळ असेल तरच हे जमेल, नाही तर आपणच राक्षस होऊ. आकिराच्या अंगात आमोन नावाचा महाबलाढ्य राक्षस शिरतो, पण मन आकिराचंच राहतं. अंगानं राक्षस आणि मनानं माणूस, तो डेव्हिलमन.

इथपर्यंत गोष्ट शूरवीराची वाटते. आणि त्याच वर्षी जुलैमध्ये तोएई कंपनीनं दूरदर्शनसाठी केलेली मालिका तशीच होती. एकोणचाळीस भागांत दर आठवड्याला एक राक्षस यायचा आणि मार खाऊन जायचा. त्या मालिकेत र्‍यो नाहीच. तिथला डेव्हिलमन हिमालयात मेलेल्या आकिराच्या देहात शिरतो, मिकीच्या प्रेमात पडतो आणि आपल्याच जातभाईंविरुद्ध उभा राहतो. (हिमालय वाचून मीही सरसावून बसलो होतो. पण आपल्या डोंगराचा संबंध तेवढाच.) मुलं संध्याकाळी ही मालिका बघत होती आणि साप्ताहिकात मात्र गोष्ट भलत्याच अंधारात चालली होती.

त्या अंधारात काय होतं, ते सांगितल्याशिवाय पुढे जाता येणार नाही. राक्षस माणसांत मिसळले आहेत हे जगाला कळतं. मग मंगामध्ये एक नामवंत शास्त्रज्ञ जाहीर करतो की, राक्षस बाहेरून येत नाहीत. मनात असंतोष साचलेली माणसंच राक्षस होतात. झालं! आता राक्षस ओळखायचा कसा? शेजारी जरा गप्प असतो, तो असेल का? दुकानदार काल चिडून बोलला, तो? राक्षसांना पकडायला पथकं निघतात. छळ सुरू होतो. राक्षसांनी मारली त्यापेक्षा कितीतरी माणसं माणसंच मारायला लागतात. मिकीच्या घरावर जमाव चालून येतो आणि मिकीला ठार मारतो. त्या जमावात एकही राक्षस नसतो. सगळी त्याच गावची साधी माणसं. आकिरा पोहोचतो तेव्हा सगळं संपलेलं असतं. मग ज्यांच्यासाठी लढायचं, ती माणसंच त्याला उरत नाहीत.

हे मुलांच्या साप्ताहिकात, १९७३ साली! त्या काळी व्हिएतनामचं युद्ध चालू होतं. शिवाय १९७२ च्या वसंतात जपानमध्ये उघडकीला आलं होतं की, 'संयुक्त लाल सेना' या क्रांतिकारी तरुणांच्या गटानं डोंगरातल्या तळांवर आपलेच बारा सोबती छळ करून मारले. त्यांची निष्ठा पुरेशी नाही, एवढाच त्यांच्यावर आरोप होता. 'डेव्हिलमन' ही युद्धाविरुद्धची गोष्ट आहे, असं नागाईंनी स्वतः सांगितलेलं आहे.

पुढे १९८७ आणि १९९० मध्ये या गोष्टीच्या सुरुवातीच्या भागावर दोन चांगले व्हिडिओपट निघाले, पण शेवटापर्यंत ते गेले नाहीत. २००४ मध्ये खरे नट घेऊन केलेला चित्रपट आला. त्याबद्दल चाहते बोलतच नाहीत, नुसतं कपाळावर हात मारतात. मग ५ जानेवारी २०१८ रोजी नेटफ्लिक्सवर दहा भाग एकदम जगभर आले. 'डेव्हिलमन क्रायबेबी'. दिग्दर्शक मासाआकी युआसा, पटकथा इचिरो ओकोउची यांची, संगीत केन्सुके उशिओ यांचं. गोष्ट आजच्या जपानमध्ये आणलेली, आणि यावेळी शेवटापर्यंत नेलेली. आमच्या पुढच्या खोलीतलं भांडण यावरूनच होतं. आणि ते काही आमच्याच घरात चाललेलं नाही, चाहते जिथे भेटतात तिथे हाच वाद घालतात.

पहिली तक्रार चित्रांची. नागाईंची रेघ जाड, काळी, रागानं ओढल्यासारखी. दौत सांडली तरी चालेल, असा तिचा नूर. युआसांची रेघ बारीक आणि वाहती. माणसांचे हातपाय रबरासारखे लांबतात, रंग सपाट. चित्रकलेच्या त्या मुलीचं म्हणणं होतं की, यात भीतीच नाही. मला तसं वाटलं नाही. धावणारी माणसं मी पडद्यावर पुष्कळ बघितली आहेत, पण या मालिकेत मुलं धावतात तेव्हा त्यांच्या अंगात काहीतरी मावत नाहीये, हे रेघेवरूनच कळतं. तिथे ती रेघ हवी होती. मात्र काही लढायांत चित्रं खरोखर कच्ची आहेत, घाईत उरकल्यासारखी. तो मुद्दा तिचा.

दुसरी तक्रार उघडेपणाची. एक मेजवानी आहे, जिथे राक्षस माणसांत शिरतात. त्या प्रसंगी मी भाच्याशेजारी बसलो होतो. मी चहा करायला उठलो, एवढंच सांगतो. मूळ मंगाही सोवळी नाही, पण नव्या मालिकेत ठिकठिकाणी अति झालं आहे, असं माझं मत. भाच्याला ते म्हातारपणाचं लक्षण वाटतं.

तिसरी गोष्ट रॅपवाल्यांची. मंगामध्ये गल्लीतली काही टपोरी पोरं आहेत. नव्या रूपात त्यांची रॅप म्हणणारी टोळी झाली. जुने चाहते यावर फार चिडतात. मला मात्र ती पोरं आवडली. नाक्यावर उभं राहून जे दिसतं ते तालात सांगायचं, हे काम आपल्याकडे शाहिरांनी केलं आहे. गोष्ट पुढे जाते तसं मोठी माणसं खोटं बोलायला लागतात आणि खरं काय चाललं आहे ते ही उनाड पोरं बोलतात. त्यातली काही शेवटी मिकीच्या घराला पहारा द्यायला येतात.

एका बदलाबद्दल मात्र मी जुन्यांच्या बाजूचा आहे. जिनमेन नावाचा एक राक्षस आहे, कासवासारखा. त्यानं खाल्लेल्या माणसांचे चेहरे त्याच्या पाठीच्या ढालीवर उमटतात, जिवंत आणि बोलणारे. त्याला मारायचं तर त्या चेहऱ्यांवर घाव घालावा लागणार. मंगामध्ये आकिरासमोर जो चेहरा येतो तो एका ओळखीच्या, परक्या घरच्या लहान मुलीचा आहे. नव्या मालिकेत तिथे आकिराची आई आहे. आईचा चेहरा बघून कुणाचंही काळीज फाटेल. पण दुसऱ्याच्या मुलीसाठी ज्याचे हात थरथरतात, तो आकिरा मला जास्त मोठा वाटतो. नव्या लेखकानं इथे सोपा रस्ता धरला. आणि याच मालिकेचं नाव आहे 'क्रायबेबी', म्हणून ही चूक जास्त बोचते.

कारण या नव्या रूपानं खरी भर घातली आहे ती रडण्याची. जपानीत रडक्या पोराला 'नाकिमुशी' म्हणतात, म्हणजे शब्दशः रडका किडा. आपल्याकडेही रडोबा आहे, रडूबाई आहे, रडतराऊ आहे. रडणाऱ्या मुलाला चिडवायला सगळ्याच भाषांकडे शब्द आहेत. आकिरा लहानपणापासून रडतो. एक आजारी मांजराचं पिल्लू मरायला टेकलेलं. र्‍यो चाकू काढतो. ते जगणार नाहीच, मग मारून टाकलं तर काय बिघडलं, हा त्याचा हिशेब. आकिरा मात्र पिल्लाला कुशीत घेऊन रडत बसतो. पुढे आमोन अंगात शिरल्यावर आकिरा आडदांड होतो, भरमसाट खातो, मुलींकडे टक लावून बघतो, पण त्याचं रडणं सुटत नाही. दुसऱ्याच्या दुःखानं त्याचे डोळे वाहतातच. तो अजून माणूस आहे याची प्रेक्षकाला तेवढी एकच खूण मिळते.

आणि र्‍यो? पुढे कळतं की र्‍यो हाच सैतान आहे. देवाविरुद्ध उभा राहिलेला, स्वर्गातून पडलेला. नागाईंनी लहानपणी दान्तेचं महाकाव्य गुस्ताव दोरे यांच्या चित्रांसह पाहिलं होतं, त्या चित्रांचा ठसा इथे आहे. मी वाढलो त्या परंपरेत सैतानाचं नाव इब्लीस. आदमपुढे झुकायला त्यानं नकार दिला, तो गर्वानं, असं आम्हाला शिकवलं. पण हल्लाज यांच्यासारख्या सूफींनी या नकारात दुसरंही काही पाहिलं. अल्लाशिवाय कुणापुढेही डोकं टेकवणार नाही, असं म्हणणारा वेडा प्रेमिक त्यांना त्यात दिसला. नागाईंच्या सैतानालाही प्रेमानंच बुडवलं आहे. पण त्याचं प्रेम आहे एका माणसावर, आकिरावर. आणि ते प्रेम आहे हे त्याला समजत नाही, कारण त्याच्या शास्त्रात दुबळ्यांचा नाश हाच नियम. ही गोष्ट मंगामध्येही आहे. नव्या मालिकेनं ती मांजराच्या पिल्लापासून शेवटपर्यंत एका धाग्यात ओवली.

आता भ्रमणध्वनीकडे येतो, कारण भांडणाचा कळीचा मुद्दा तोच होता. मुलगी म्हणाली, "मोबाइल घातला म्हणजे आजचं झालं का?" प्रश्न चोख आहे. नुसता मोबाइल घातला असता तर ते जुन्या भिंतीला नवा रंग दिल्यासारखं झालं असतं. पण बघा, या गोष्टीत सगळ्यात भयंकर काय? तर अफवा. राक्षस कुणीही असू शकतो, ही बातमी. १९७३ मध्ये ती शास्त्रज्ञाच्या तोंडून यायची. नव्या मालिकेत र्‍योच कॅमेऱ्यासमोर आकिराचं बदलणारं रूप जगाला दाखवतो, आणि पुढचं काम लोकांच्या हातातले फोन करतात. घरबसल्या, पांघरुणात पडल्या पडल्या माणसं एकमेकांना राक्षस ठरवतात.

अफवेनं माणसं मारण्यासाठी फोन लागत नाही, हे जपानला चांगलं ठाऊक आहे. १ सप्टेंबर १९२३ रोजी टोकियो आणि योकोहामा भागात महाभूकंप झाला. भूकंपात आणि त्यानंतरच्या आगींत लाखावर माणसं गेली. आगी विझायच्या आत अफवा उठली की कोरियन लोक विहिरींत विष घालतायत, घरं पेटवतायत. गल्लोगल्ली रक्षकदलं उभी राहिली. त्यांच्यासमोर प्रश्न हाच होता, कोरियन ओळखायचा कसा? चेहऱ्यावरून कळेना. मग रस्ता अडवून ते माणसाला 'पंधरा येन पन्नास सेन' हे शब्द जपानीत म्हणायला लावायचे. कोरियन जिभेला त्यातले काही उच्चार जड जातात. उच्चार चुकला की माणूस गेला. मेलेल्यांचा आकडा आजही वादाचा आहे. पुष्कळ अभ्यासक तो काही हजारांत धरतात. त्या लाटेत परगावची बोली बोलणारे जपानीही सुटले नाहीत. चिबा प्रांतातल्या फुकुदा गावी दूरच्या कागावाहून आलेल्या औषधविक्या फिरस्त्यांपैकी नऊ जणांना गावकऱ्यांनी मारलं. त्यात लहान मुलंही होती. या घटनेवर २०२३ मध्ये, बरोबर शंभर वर्षांनी, जपानमध्ये चित्रपट निघाला. नागाईंनी ही आठवण मनात धरून 'डेव्हिलमन' काढली असं मी म्हणत नाही. पण ही गोष्ट वाचताना ती मला टाळता आली नाही.

टाळता आली नाही याला माझंही एक कारण आहे. कवितावाचन संपलं की कुणीतरी सज्जन माणूस जवळ येतो, हात हातात घेतो आणि मनापासून म्हणतो, "तुमचं मराठी किती शुद्ध आहे हो!" मी आभार मानतो. माझी आई मराठीत रागवायची, मी मराठीत स्वप्नं बघतो, बीएला मराठीच घेतलं होतं. त्या माणसाच्या मनात काळंबेरं काही नसतं, हे मला कळतं. पण तीस वर्षं ही शाबासकी ऐकतो आहे, आणि प्रत्येक वेळी परीक्षा पास झाल्याची भावना होते. परीक्षा कधी ठरली आणि मी फॉर्म कधी भरला, ते मात्र आठवत नाही. 'पंधरा येन पन्नास सेन' वाचलं तेव्हा मी पुस्तक मिटून थोडा वेळ गॅलरीत जाऊन उभा राहिलो.

म्हणून मला नव्या मालिकेतले दोन प्रसंग फार महत्त्वाचे वाटतात. एकात काही माणसांना राक्षस ठरवून बांधून ठेवलं आहे आणि भोवती दगड घेतलेला जमाव. आकिरा मध्ये जाऊन उभा राहतो. तो उलटून मारत नाही, दगड अंगावर घेतो आणि रडतो. मग जमावातून एक पोर पुढे येतं आणि त्याला मिठी मारतं. पाठोपाठ आणखी काही जण. हातांतले दगड खाली पडतात. क्षणभरच, पण पडतात.

दुसरा प्रसंग मिकीचा. सगळं जग आकिराला राक्षस म्हणत असताना मिकी आपल्या फोनवर लिहिते की, मी त्याला ओळखते, तो माझ्या घरचा आहे, तो रडतो, मी त्याच्या बाजूनं आहे. स्वतःच्या नावानं लिहिते. उत्तरादाखल शिव्यांचा पाऊस पडतो. पण त्यातच काही साधी, भेदरलेली उत्तरंही येतात. मंगामध्ये मिकीला असं काही करता येत नाही. तिथे तिच्या हातात तेवढं साधनच नव्हतं. ज्या यंत्रानं अफवा पसरवली, त्याच यंत्रावर एका शाळकरी मुलीनं एक साक्ष लिहून ठेवली. पुढे तिचं जे व्हायचं तेच होतं. नव्या दिग्दर्शकानं शेवट गोड केलेला नाही, कुणाला वाचवलेलं नाही, आणि त्याबद्दल जुन्या चाहत्यांनीही त्याचे आभार मानले पाहिजेत.

हे सगळं मी त्या चौघांना सांगितलं. भाचा म्हणाला, "म्हणजे मी जिंकलो." मुलगी म्हणाली, "जिनमेनचं काय? तिथे काका माझ्या बाजूला आहेत." तिनं पुस्तक उघडलं आणि त्या लहान मुलीच्या चेहऱ्याचं पान माझ्यासमोर धरलं. जाड, काळ्या रेघांत काढलेला चेहरा. भाचा ते पान बराच वेळ बघत राहिला. त्यानं ते आधी बघितलंच नव्हतं. उलटीकडून पानं लावताना त्याच्याकडून तो भाग सुटला होता. मग त्यानं निमूटपणे पुस्तक मागून घेतलं आणि मला विचारलं, "मामू, सुरुवात या बाजूनं ना?"